चार गाठींची दोरी

कळंबच्या गौतमतात्यांनी मला वाचवलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण बाकीचं सांगायला लागलं की माणूस भरकटतो आणि मुख्य नाव मागं राहून जातं. माझ्या छातीत आज जेवढा श्वास मावतो तेवढा तात्यांमुळे उरला. जो गेला तो माझ्या हट्टानं गेला.

तात्या फुगे आणि चेंडू विकायचे. सायकलच्या कॅरिअरला उभा बांबू, बांबूला आडव्या काड्या, काड्यांना फुगे, आणि हँडलला जाळीत प्लास्टिकचे चेंडू. बाजाराच्या दिवशी ते अंथुर्ण्यात असायचे, जत्रा असली की लोणी भापकरपासून इंदापूरपर्यंत कुठंही. फुगेवाले मी आमच्या किनवटकडेही पाहिले होते. गाल टम्म करून, डोळे बाहेर येईस्तोवर फुंकणारे. तात्यांनी मात्र फुगा कधी तोंडाला लावला नाही. सायकलचा जुना पंप दोन पायांत धरायचा, नळीला फुगा लावायचा, दट्टा मारायचा आणि ओठांतल्या ओठांत मोजायचं. दहा झाले की थांबायचं. मागच्या कट्ट्यावर टेकायचं, खांदे वरखाली होत राहायचे, तोंड उघडं. गिऱ्हाईक खोळंबलेलं असलं तरी घाई नाही. मग उठून "अकरा" म्हणायचं आणि पुढं चालू.

एखादी बाई कंटाळून म्हणायची, "तात्या, तोंडानं फुगवा की पटकन. पोरगं रडून रडून निळं पडलं."

"तोंड बोलायला ठिवलंय, वहिनी," तात्या म्हणायचे. "आनि त्ये बी आता मापातच वापरतो."

बाई हसायची. तेव्हा मीही हसायचो. आता तो आवाज आठवला की हसू येत नाही.

मी किनवटकडचा. आठवीत शाळा सुटली, त्यानंतर विटा वाहिल्या, हॉटेलात कपबशा धुतल्या, आणि शेवटी आमच्या गावच्या संभाच्या मागोमाग इकडे इंदापूर तालुक्यात आलो. माळावर एक खडी क्रशर होतं. होतं म्हणजे अजून आहे. नाव लिहीत नाही. मोठा दगड तोंडात घेऊन बारीक खडी बाहेर टाकणारं ते यंत्र, आणि त्याच्याभोवती दिवसभर पांढरी धूळ. जेवणाच्या डब्याचं झाकण उघडलं की भाकरीवर धूळ. केस पांढरे, भुवया पांढऱ्या. संभा म्हणायचा, "दत्ता, आपण हितं येऊन लवकर म्हातारे झालो." राहायला पत्र्याची खोली मिळाली होती, काम रोजचं होतं. घरी आई आणि दोन बहिणी. मला तर नशीब उघडल्यासारखं वाटलं होतं.

क्रशरवर झारखंडची पोरं होती. त्यांना फुटबॉलशिवाय चैन पडत नसे. बाजाराच्या दिवशी क्रशर बंद, म्हणून त्यांनी बसलेला चेंडू माझ्या हातात दिला आणि हवा भरून आणायला सांगितलं. तीच माझी न् तात्यांची पहिली भेट.

"कडक भरा, तात्या," मी म्हणालो. "जास्त हवा भरली की चेंडू हलका होतो."

त्यांनी सुई थुंकीनं ओली करता करता वर पाहिलं. "कोन म्हनलं?"

"सगळेच म्हणतात. हवा वर ओढती ना."

"वर जातो त्यो ग्यासचा फुगा. ही साधी हवा हाय, तुज्यामाज्या नाकातली. कुठला तू?"

"किनवट."

"लांबचा हायस. चल किनवटकर, तोलू."

शेजारी कांदेवाली बसायची. तिच्या काट्यावर त्यांनी रिकामा, चेपलेला चेंडू ठेवला. चारशे वीस. मग पंप लावला. दहाला थांबले, टेकले. विसाला थांबले, टेकले. अठ्ठावीसला सुई ओढून काढली आणि चेंडू परत काट्यावर. चारशे पंचवीस.

"पाच ग्रॅम वाढलं," तात्या म्हणाले. "हवेला वजन हाय. टप्पा चांगला खातो म्हनून तुमाला हलका वाटतो."

कांदेवाली म्हणाली, "तात्या, काटा माझा हाय. पाच ग्रॅम मी कायम धरती गिऱ्हाइकाकडनं."

"तुजं तू बघ, ह्यो चेंडू खरं बोलतोय."

मग त्यांनी मला विचारलं की ह्यात हवा किती बसली असेल. मी काहीतरी सांगितलं. त्यांचं सगळं मोजून ठेवलेलं होतं. लिटरची पाण्याची बाटली पाण्यानं भरून बादलीत उलटी धरायची, खालून पंपाची नळी सोडायची, तीन दट्ट्यांत बाटलीतलं सगळं पाणी खाली जातं. म्हणजे तीन दट्टे एक लिटर. अठ्ठावीस दट्टे म्हणजे नऊच्या वर. आणि एक फाटका फुटबॉल पाण्यानं भरून त्यांनी मापला होता, तर आत जागा निघाली साडेपाच लिटरची.

"साडेपाचात नऊ कसे मावले?" मी विचारलं. शाळेत असतो तर गुरुजींना असं विचारायची माझी छाती झाली नसती.

"वडापाला कसे मावत्यात? धा शिटांची जीप, मानसं अठरा. आतनं दाटी झाली म्हंजी चेंडू कडक. फुग्याचं तसं न्हाय. फुगा आलेल्याला जागा करून देत ऱ्हातो. म्हनून फुग्यानं माप घ्यावं, चेंडूनं न्हाय."

कशाचं माप, ते तेव्हा मला कळलं नाही. मी जरा शहाणपणा केला. म्हणालो, "मग एवढे दट्टे मारत बसण्यापेक्षा तोंडानं बरं." आणि त्यांच्या डब्यातला एक मोठा लाल फुगा उचलून, छाती भरून, एका दमात फुंकला. फुगा चांगला झाला. मला मात्र पाठोपाठ खोकला लागला आणि डोळ्यांत पाणी आलं.

तात्या माझ्याकडे पाहतच नव्हते. ते फुग्याकडे पाहत होते. तोंड चिमटीत धरून त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, बंडीच्या खिशातून काळी दोरी काढली आणि फुग्याच्या पोटाभोवती गुंडाळली. दोरीला चार गाठी होत्या. चौथ्या गाठीच्या जरा पुढं दोरीचं टोक येऊन जुळलं. तिथं त्यांनी लाल धागा बांधला.

"कामाला कुठं?"

"क्रशरला."

"किती वर्सं?"

"दोन झाली."

"धूळ बसाय पानी मारत्यात का मशीनवर?"

"मारतात. साहेब येणार असले की."

तात्यांनी मान हलवली. "ह्यो लाल धागा म्हंजी तू," ते म्हणाले. "म्हयन्याला येऊन फुंकून जात जा. फुग्याचं काय घेनार न्हाय."

म्हाताऱ्याला कसला तरी नाद आहे असं मला वाटलं. पण परमुलखात कुणी गावाच्या नावानं हाक मारणारं भेटलं की पाय आपोआप वळतात. मी जायला लागलो. कधी सुमनकाकी, म्हणजे तात्यांची मंडळी, सोबत असायची. ती मला डब्यातली चटणीभाकरी द्यायची आणि तात्यांना रागवायची, "आधी खाऊ द्या त्याला, मग फुंकाय लावा." तात्या लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसायचे. फुगा उन्हात का फुटतो, रात्रीतनं का बसतो, क्रिकेटच्या चेंडूत हवा असते का. एकदा एक शिक्षक ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "तात्या, तुम्ही शाळेत पाहिजे होता." तात्या म्हणाले, "व्हतो की सर. पाचवीपतुर. नंतर दगडाकडं गेलो."

तो दगड कुठला, ते मला पुढं कळलं.

सहा महिने लाल धागा होता तिथंच जुळत होता. मग टोक धाग्याच्या अलीकडंच जुळायला लागलं. म्हणजे फुगा लहान. आधी एक बोट, मग दोन. वर्ष झालं तेव्हा फुगा तिसऱ्या गाठीवर आला होता. चौथी न् तिसरी यांच्यामधलं अंतर तीन बोटांचं.

"तीनच बोटं, तात्या," मी म्हणालो. मला खरंच हायसं वाटलं होतं. एवढ्या लांब दोरीत तीन बोटं म्हणजे काय? "आज नीट दम धरला न्हाई मी."

 तात्यांनी नवा फुगा पंपाला लावला. "बघ," म्हणाले. "तू मोज."

मी मोजलं. तीन दट्टे झाले, त्यांनी दोरी गुंडाळली. पहिली गाठ. "ह्याला दोरी किती लागली?" दोन विती. आणखी तीन दट्टे, दुसरी गाठ. अर्धी वीत वाढली. आणखी तीन, तिसरी गाठ. चार बोटं. आणखी तीन, चौथी. तीन बोटं.

"प्रत्येक बारीला दट्टे किती मारले?"

"तीन."

"हवा किती गेली?"

"लिटर."

"प्रत्येक बारीला?"

मी मान हलवली. 

"पयला लिटर दोन विती दाखवतो. चौथा लिटर तीन बोटं दाखवतो. भरताना तसंच, जाताना बी तसंच. तुजा एक लिटर गेलाय किनवटकर. चारातला एक. बोटं मोजू नगं. गाठी मोज."

ती गोष्ट मला त्या दिवशी समजली आणि समजली नाही असं दोन्ही झालं. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. सांगताना त्यांची नजर रस्त्याकडे होती.

तात्या पंधरा वर्षं अशाच एका क्रशरवर होते, दुसऱ्या तालुक्यात. जत्रेच्या दिवसांत जोडधंदा म्हणून फुगे विकायचे आणि तेव्हा ते तोंडानंच फुगवायचे. एका दमात एक फुगा ही त्यांची शान होती. काकी फुगे धरायला, हे फुंकायला, आणि पोरं टाळ्या वाजवायला. मग एका वर्षी फुगे जरासे लहान व्हायला लागले. त्यांनी फुग्यांना दोष दिला. माल हलका आला, रबर कडक आलं. बारामतीच्या ज्या व्यापाऱ्याकडून ते फुगे आणायचे त्याच्याशी भांडले. दुसरा व्यापारी धरला. त्याचाही माल कडक निघाला. तिसऱ्याच्या दुकानात गेले आणि भर गिऱ्हाइकात म्हणाले, "तुमी समदे मिळून फसवताय गरिबाला." त्या तिसऱ्यानं एक फुगा पंपाला लावला, फुगवून मोठा केला आणि त्यांच्या हातात दिला. पुडीतला दुसरा फुगा तात्यांच्या पुढं धरून म्हणाला, "आता तुम्ही फुंका."

"फुकला," तात्या म्हणाले. "दोन फुगे शेजारीशेजारी धरले. मंग कळलं माल कुनाचा हलका झालाय." ते हसले आणि हसण्याचा खोकला झाला. "तीन वर्सं म्या व्यापारी बदलले, लेका. काम बदलाया पायजे व्हतं."

त्यानंतर त्यांनी पंप घेतला, बाटली न् बादली घेऊन मोजलं, दोरीला गाठी मारल्या. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून सांगितलं ते नंतर. तोवर ते दुसऱ्या गाठीच्या खाली आले होते.

"सोड त्ये काम," ते म्हणाले.

"सोडून जाऊ कुठं, तात्या?"

"त्ये बघू. आधी सोड."

मी सोडलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे. मला श्वास जाण्याची भीती होती आणि खोली जाण्याची त्याहून जास्त होती. संभाला सांगितलं तर तो म्हणाला, "फुगेवाल्याचं ऐकून कोणी काम सोडतं का? तीन बोटं म्हणतोस ना? तीन बोटांनी काय होतं?" मला हेच कोणीतरी म्हणायला हवं होतं.

पुढच्या खेपेला मी लबाडी केली. अर्धा फुगा फुंकून झाल्यावर ओठ तसेच ठेवून नाकानं हळूच श्वास ओढला आणि पुन्हा फुंकलं. फुगा चौथ्या गाठीला गेला. तात्यांनी दोरी गुंडाळली, सोडली. दुसरा फुगा माझ्या तोंडात दिला आणि आपल्या दोन बोटांनी माझं नाक घट्ट धरलं. अख्ख्या बाजारात, कांदेवालीसमोर.

"आता फुक."

फुगा तिसऱ्या गाठीलाही पोचला नाही.

"कुनाला फसवतुयास?" ते हळू आवाजात म्हणाले. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी बाजारात जाणं बंद केलं. चेंडूत हवा भरायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचो. तीन महिने तात्यांचं तोंड पाहिलं नाही. दगडाच्या आवाजात एक बरं असतं, डोक्यात दुसरं काही ऐकू येत नाही.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर यंत्र सुरू व्हायच्या बेताला होतं. संभा म्हणाला, "दत्ता, तुझा फुगेवाला बघ." मी वळून पाहिलं. माळाचा चढ रस्त्यापासून तासाभराचाही नाही, चांगल्या माणसाला वीस मिनिटं. तात्या त्या चढावर एका दगडावर बसले होते. सायकल खाली रस्त्यालाच ठेवून आले होते. आम्ही पाहत असताना ते उठले, विसेक पावलं चालले, पुन्हा बसले. मी धावत खाली जायला हवं होतं.  पण ते पोचेपर्यंत मी तिथंच फावडं धरून उभा होतो.

मुकादम म्हणाला, "काय म्हातारबा, हितं कुनाचं लगीन हाय? फुगं कुठं?"

"हायत," तात्या म्हणाले. पुढचं बोलायला त्यांना वेळ लागला. खिशातून दोन फुगे काढले. "दोनच हायत. एक ह्येचा, एक माजा."

पहिला त्यांनी माझ्या हातात दिला. सगळे जमले होते, झारखंडची पोरंसुद्धा. मी फुंकला. नाक धरावं लागलं नाही. तात्यांनी दोरी गुंडाळली आणि पोरांना दाखवली. तिसऱ्या गाठीच्या खाली दोन बोटं. कुणाला काही कळलं नाही. कुणीतरी म्हणालं, चांगला फुगलाय की.

मग तात्यांनी दुसरा फुगा स्वतःच्या तोंडाला लावला.

मी त्यांना ओळखत होतो त्या सगळ्या काळात ते एकदाच पाहिलं. त्यांनी डोळे मिटले. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या गेल्या. फुगा हलला, लिंबाएवढा झाला, पेरूएवढा झाला आणि थांबला. ते अजून फुंकत होते. आत काही जात नव्हतं. त्यांनी फुग्याचं तोंड चिमटीत धरलं आणि दोरी माझ्याकडे दिली. मी गुंडाळली. दोरीची पहिली गाठही भरली नाही. सगळी दोरी माझ्या हातात सैल लोंबत राहिली.

"ह्यो मी," तात्या म्हणाले. "पंधरा वर्सं."

मुकादमाची थट्टा तिथंच थांबली. तात्यांना खोकल्याची उबळ आली. ते खाली बसले, माझा हात धरून. त्याच वेळी वरच्या माणसानं यंत्र सुरू केलं आणि धुळीचा पहिला लोट आमच्या अंगावर आला. मी माझं फडकं सोडून त्यांच्या तोंडावर धरलं, त्यांना उचलून पाठुंगळी घेतलं आणि उतरायला लागलो. त्यांचं वजन काहीच नव्हतं. रिकाम्या चेंडूचं तरी असतं.

परत मी त्या माळावर गेलो नाही. कपड्याची पिशवीसुद्धा संभानं आणून दिली.

तात्यांनी सगळं आधीच बोलून ठेवलं होतं. कळंबजवळ त्यांच्या पुतण्याची डाळिंबाची बाग आहे. ठिबकच्या नळ्या बघायच्या, पाणी सोडायचं, राखण करायची, बागेतच खोली. मी अजून तिथंच आहे. तालुक्याच्या दवाखान्यात माझ्या छातीचा फोटो निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, पण इथं थांबू शकतं. अजून तरी थांबलं आहे. दर महिन्याला फुगा फुंकून बघतो. भीती वाटते, तरी फुंकतो. 

तात्यांचं मात्र थांबलं नाही. माळावरून आल्यापासून त्यांचा खोकला बसला नाही. दोन-अडीच महिन्यांत त्यांना बारामतीला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी भेटायला गेलो तेव्हा नाकात ऑक्सिजनची नळी होती, भिंतीवर काचेच्या नळकांडीत एक छोटी गोळी पाचाच्या आकड्यावर नाचत होती.

"बघ," तात्या म्हणाले. एकेक शब्द वेगळा येत होता. "मिंटाला पाच लिटर. दोन मिंटाला एक फुटबॉल. फुकट चाललाय."

काकी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "हितं तरी मोजू नगा."

ते हसले. निदान ओठ हलले. मग मला जवळ बोलावलं.

"संभ्याला मोजलंस?"

"नाही तात्या."

"आनि ती झारखंडची पोरं?"

"त्यांनाही नाही."

"म्या एवढा वर चढलो," ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी सुरू केलं आणि दम पुरला नाही. मी वाट पाहिली. त्यांनी हातानंच राहू दे म्हणून खूण केली. तेवढंच आमचं शेवटचं बोलणं.

दोन दिवसांनी ते गेले. कळंबला अंत्यविधी झाला. पांढऱ्या कपड्यातली माणसं, त्रिशरण म्हणताना सगळ्यांचा एक सूर. मी मागं उभा होतो. म्हणताना प्रत्येक ओळीला लोक दम घेत होते आणि माझं लक्ष त्या दम घेण्याकडेच होतं. तात्यांनी मला ती खोडच लावली. आता बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाचा श्वाससुद्धा मी मोजतो.

मनात एक गोष्ट अडकली होती, ती काकीला विचारल्याशिवाय मला राहवेना. पाचव्या दिवशी गेलो आणि विचारलं, "काकी, ते माळावर आले नसते तर अजून जगले असते का?"

काकी भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "असते की थोडं," ती म्हणाली. "तवापास्नं खोकला बसलाच न्हाय त्यांचा. म्या सांगितलं व्हतं, नगा जाऊ, त्यो काय आपल्या पोटचा हाय? तर म्हनले, त्यो बोटं मोजतोय, म्या मोजली तशी." तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग आत जाऊन काळी दोरी आणली आणि माझ्या हातावर ठेवली. माझा लाल धागा अजून चौथ्या गाठीपुढं तसाच होता.

"किनवटकरला दे म्हनलेत. पन सांगायला लावलंय, मोजायला देतोय, ठिवायला न्हाय. बस, जेवून जा."

मी जेवलो. 

संभा अजून क्रशरवर आहे. बाजाराच्या दिवशी भेटतो. दोन बाजारांपूर्वी त्याला चहाच्या टपरीमागं नेऊन फुगा फुंकायला लावला, नाक धरून. तिसरी गाठ आणि वर एक बोट. पहिली दोन वर्षं आम्ही बरोबरच होतो, म्हणजे तोही चौथीच्या पुढंच असणार. मी त्याला सांगितलं. दट्टे मारून दाखवले, गाठी दाखवल्या, तात्यांनी दाखवलं तसंच सगळं. त्यानं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाला, "दोनच बोटं कमी म्हणजे अजून पुष्कळ आहे की दत्ता." त्याच्या घरी कोण कोण आहे ते मला ठाऊक आहे. मीही हेच बोललो होतो.

त्याला टपरीमागं सांगून उपयोग नाही, हे मला कळतं. तात्यांनाही ते कळलं होतं, म्हणून ते वर चढले. पहिली गाठसुद्धा न भरणारा माणूस तो चढ चढला. माझ्याकडं अजून अडीच गाठी आहेत आणि मी रस्त्यावरूनच मागं फिरतो. मुकादमाची भीती वाटते, धुळीची त्याहून वाटते, आणि आपण परका माणूस, आपल्याला कोण विचारतो, हेही वाटतं. एकदा फाट्यापर्यंत गेलो होतो. वर यंत्राचा आवाज सुरू झाला आणि मी बागेकडं परतलो.

पण दोरी माझ्या खिशात असते. पंप मी नवा घेतला आहे, त्याचे दट्टे बाटली उलटी धरून मोजून ठेवले आहेत. ह्याला चार लागतात लिटरला. डब्यात बारा फुगे आहेत, वर तेवढीच माणसं कामाला आहेत.

तात्या, तुमचं देणं मी काकीला भाकरीचं पीठ नेऊन फेडू शकत नाही, तरी नेतो. फेडायचं कुठं ते मला माहीत आहे. येत्या बाजारापर्यंत नाही जमलं तर पुढच्या, नाही तर त्याच्या पुढच्या. पण एक दिवस तोंडाला फडकं बांधून, बसत बसत का होईना, मी त्या माळावर चढेन आणि संभाचा लाल धागा सगळ्यांच्या देखत ह्या दोरीला बांधेन.